मामाजींनी जमवलेले कागद

माझ्या घटस्फोटाचे कागद माझ्या सासऱ्यांनी जमवले. हे वाक्य मी कोणालाही सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई बोलताना चुकली, तिला ‘वडिलांनी’ म्हणायचं असेल. मग मी ते पुन्हा म्हणते. माझे वडील मी बारावीला असतानाच गेले. कागद जमवले ते सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी. आमच्या चंद्रपूरकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई.

सुखदेव निमगडे हे त्यांचं नाव, पण बल्लारपुरात त्या नावानं विचारत गेलात तर दोन गल्ल्या चुकाल. ‘हजेरीबाबू’ म्हटलं की पानठेल्यावरचा माणूस बसल्या जागेवरून बोट दाखवायचा. राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीत त्यांनी सगळी नोकरी कामगारांची हजेरी लिहिण्यात काढली. अंगानं सडसडीत, बुटके, शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली आणि खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. निवृत्त झाले तरी पेनं दोनच राहिली.

लिहून ठेवणं हा त्यांचा स्वभाव होता. घरात नवा बल्ब लावला की त्याच्या बुडाशी बारीक अक्षरात तारीख घालायचे. बल्ब गेला की काढून, पुसून, डोळ्यांजवळ धरून वाचायचे आणि म्हणायचे, “अकरा महिने ड्युटी केली गड्यानं. खूप झालं.” आलेली प्रत्येक लग्नपत्रिका गावाप्रमाणे लावून ठेवलेली. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी मला एक प्लास्टिकची फाईल दिली. वर माझं नाव सुवाच्य अक्षरात, ‘सौ. वनिता प्रशांत निमगडे’. आत शाळेच्या दाखल्यापासून नेमणुकीच्या आदेशापर्यंत माझ्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स. “तोंडी काही खरं नसते पोरी,” ते म्हणाले. “लेखी पाह्यजे.”

त्यांच्या खाणीतली एक गोष्ट मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्यासोबत काम केलेल्या एका म्हाताऱ्या फिटरकडून कळली. एका वजनदार माणसाचा भाचा कामावर येत नसे, पण त्याची हजेरी लागावी असा निरोप यायचा. मामाजींनी त्याच्या नावापुढे लाल शाईनं रोज तेच लिहिलं: जागेवर दिसला नाही. महिनाभरानं त्यांची दूरच्या खाणीत बदली झाली. तिथे पोहोचायला दोन बस आणि पुढे तीन किलोमीटर पायी. आत्याबाई चिडून म्हणायच्या, “एक ‘पी’ लिहिला असता तं हात झडला असता का तुमचा?” मामाजी म्हणायचे, “तो नव्हताच तं लिहू कसा?”

माझा नवरा प्रशांत हा त्यांचा एकुलता मुलगा. हैदराबादेत एका कंपनीत कामाला. मी जिवती तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, वर्षभरात माझी बदली होईल किंवा त्याची होईल, काहीतरी जमेल. पहिलं वर्ष तो महिन्याला यायचा. मग सणाला. मग फोन. मग फोनही ‘मीटिंगमध्ये आहे’ एवढंच सांगून बंद व्हायचा. मी आठवडाभर जिवतीत भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की बस धरून, गडचांदूर, राजुरा करत बल्लारपूरला यायचे. सून म्हणून. ज्या घरात नवरा नाही त्या घरात दर शनिवारी सून येते, स्वयंपाक करते, सोमवारी पहाटे निघून जाते. तो यायचा बंद झाल्यावर असं तीन वर्षं चाललं. कोणी काही बोलत नव्हतं. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, “पोराले सुट्टीच भेटत नाई.”

एका रविवारी सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. मामाजी समोर स्टूल घेऊन बसले. मग म्हणाले, “वनिता, एक इचारू?”

“विचारा ना, मामाजी.”

“आमच्या खाणीत मानूस दहा दिवस न सांगता गैरहजर राह्यला तं त्याले चार्जशीट भेटे. दहा दिवस. हा तीन वर्षांपासून गैरहजर आहे.” ते माझ्याकडे बघत नव्हते, सुपातल्या तांदळाकडे बघत होते. “तुले सुटाचं आहे का?”

हा प्रश्न मी स्वतःला बसमध्ये शंभरदा विचारला होता, पण तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून, आणि तोही ह्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं. मी रडले वगैरे नाही. फक्त “हो” म्हटलं. इतकं हळू की मलाच ऐकू आलं नसेल.

“हो का नाई, नीट सांग.”

“हो.”

“मंग कागद जमवा लागन,” ते म्हणाले आणि उठून आत गेले. पाच मिनिटांनी नवी फाईल घेऊन आले. त्यावर नाव टाकायला निळं पेन उघडलं, ‘सौ.’ लिहिणार तेवढ्यात थांबले आणि नुसतं ‘वनिता’ लिहिलं.

स्वयंपाकघरातून आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या. हात पिठाचे.

“अवो, डोकं फिरलं का तुमचं? जगातले सासरे सुनेले समजावून घरात ठेवते, तुम्ही बाहेर काढून राह्यले?”

“घरात ठेवून का करू? पोट्टं येते का?”

“येईन. येईन ना. आज ना उद्या.”

“तीन वर्ष मी पण हेच लिहत होतो,” मामाजी म्हणाले. “आता नाई लिहत.”

त्या दिवशी आत्याबाईंनी जेवण वाढलं, पण आमच्यापैकी कोणाशीही बोलल्या नाहीत. त्यांच्यावर मी तेव्हाही रागावू शकले नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं, पण त्यांचा मुलगा होता.

कागद म्हणजे काय, तर आधी लग्न झाल्याचाच पुरावा. मोडायचं तर ते जुळलं होतं हे आधी सिद्ध करावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या लग्नाची नोंदणी झाली नव्हती. करू करू म्हणत राहून गेली होती. हजेरीबाबूंच्या घरात एवढा एक कागद राहून गेला याची मामाजींना इतकी शरम वाटली की ते दोन दिवस तेच म्हणत होते. “सगळ्या दुनियेचं लिहलं, आन घरचंच राह्यलं.” लग्न माझ्या माहेरच्या गावच्या विहारात झालं होतं. तिथे रजिस्टरमध्ये नोंद असेल म्हणून आम्ही दोघं त्यांच्या जुन्या स्कूटरवर निघालो.

दुसरं हेल्मेट नव्हतं. मामाजींनी माळ्यावरून खाणीतली पिवळी कडक टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवून हनुवटीखाली पट्टा आवळला. “नियम म्हंजे नियम.” घटस्फोटाचे कागद जमवायला निघालेली सून, डोक्यावर कोळसा खाणीची टोपी, आणि पुढे ताशी तीसच्या वर न जाणारे सासरे. वर्धा नदीच्या पुलावर एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून आम्हाला पाहिलं आणि खदखदून हसला. मलाही हसू आलं. तीन वर्षांत मी त्या रस्त्यावर पहिल्यांदा हसले असेन.

विहारातले एक जुने कार्यकर्ते मामाजींना ओळखत होते. रजिस्टर निघालं, नोंद निघाली. दाखला लिहिताना त्यांनी विचारलं, “कशाले पाह्यजे, निमगडे? रेशन कार्डाले का?”

मी मान खाली घातली. मामाजी म्हणाले, “नाई. पोरगी मोकळी कराची आहे.”

समोरचा माणूस लिहिता लिहिता थांबला. माझ्याकडे, मग मामाजींकडे बघितलं. दाखल्यावर शिक्का मारताना दोनदा मारला, नीट उठावा म्हणून.

साक्षीसाठी मामाजींनी आपल्या धाकट्या भावाला विचारलं. तो लग्नात होता, पत्रिकेवर त्याचं नाव होतं. तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही आपल्याच पोराच्या इरोधात जाऊन राह्यले. लोक का म्हणतीन?” मामाजी तिथून परत आले, चपला काढल्या आणि मला म्हणाले, “एक कमी झाला. दुसरा पाहू.” त्यांनी यादीत भावाच्या नावापुढे लाल पेनानं खूण केली. पण त्या रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

लग्नाचा फोटो ही सगळ्यात अवघड गोष्ट ठरली. अल्बम घरातच होता, पण कपाटातून नाहीसा झाला. आत्याबाई म्हणत, “मले माहीत नाई.” मामाजींना आणि मला दोघांनाही कळलं होतं की तो त्यांनी लपवला. मी एकदा तांदळाच्या कोठीत हात घातला तेव्हा बोटांना प्लास्टिकचा कोपरा लागला होता. मी हात काढून घेतला आणि कोणाला बोलले नाही. मामाजींनीही कधी शोधाशोध केली नाही. “तिचा पण तो हक्क आहे,” एवढंच म्हणाले.

चंद्रपूरला एक तरुण वकील बाई मिळाल्या. हुशार, घाईत असणाऱ्या. नवरा सोडून गेला या मुद्द्यावर अर्ज करू म्हणाल्या आणि आठवड्यानं टाईप केलेला मसुदा दिला. मी बल्लारपूरला येऊन तो मामाजींपुढे ठेवला, कारण कोणताही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. ते खाटेवर बसून, चष्मा नाकावर खाली घेऊन, मोठ्यानं वाचू लागले. माझं नाव, वय, पत्ता. लग्नाची तारीख. मग सहावा परिच्छेद.

“गैरअर्जदाराच्या आईवडिलांनी अर्जदार हिचा वेळोवेळी शारिरीक व मानसिक छळ केला, तिला उपाशी ठेवले व टोचून बोलले...”

आवाज थांबला. मी मसुदा वाचलाच नव्हता. मी त्यांच्या हातातून कागद घ्यायला पुढे झाले. त्यांनी माझा हात बाजूला केला, लाल पेन काढलं आणि एका शब्दाखाली रेघ मारली.

“हे पाह्य. ‘शारिरीक’ टाईप केलं यांनी. पहिली री दीर्घ पाह्यजे, दुसरी ऱ्हस्व. कोर्टात जाणार आहे कागद.”

“मामाजी, तो सगळा परिच्छेदच खोडा!”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? हे खोटं आहे!”

“वकील बाईले इचार आधी. केसले लागत असन तं राहू दे.” ते शांतपणे पुढच्या ओळीकडे वळले. “मले का फाशी होते त्यानं? दोन ओळी आहे. तुहं काम होत असन तं राहू दे.”

आयुष्यात एक ‘पी’ खोटा न लिहिलेला माणूस स्वतःवरचा खोटा आरोप शुद्धलेखन सुधारून कोर्टात जाऊ द्यायला तयार होता. मी तोंडावर पदर धरून आत गेले. स्वयंपाकघरात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. त्या मला म्हणाल्या, “मी तुले कधी उपाशी ठेवलं वं?” आवाज रागाचा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, “कधीच नाही, आत्याबाई.” त्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं, भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, आणि मी जेवेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी वकील बाईंना सांगितलं, हा परिच्छेद काढा. त्या म्हणाल्या, “असं लिहिलं की अर्ज मजबूत होतो. सगळे लिहितात.” मी मामाजींकडे बोट दाखवलं. ते दाराशी स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभे होते. “ज्यांनी छळ केला असं तुम्ही लिहिलंय ना, ते हे. यांनीच मला इथे आणलं.” वकील बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी पेन ठेवलं. “मग एक करा ना,” त्या म्हणाल्या. “मुलगा तयार असेल तर दोघांच्या संमतीनं अर्ज टाकू. कोणी कोणावर काही लिहायचंच नाही. फक्त त्याच्या सह्या, फोटो, ओळखपत्र पाहिजे, आणि अर्जाच्या दिवशी तो स्वतः पाहिजे.”

“सही मी आणतो,” मामाजी दारातूनच म्हणाले.

हैदराबादचा नीट पत्ता आमच्याकडे नव्हता. मामाजींनी तो प्रशांतच्या एका जुन्या मित्राकडून काढला आणि बल्लारपुरातून गाडीत बसले. सोबत फाईल, पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी परत आले. आत्याबाई आणि मी दोघी दारातच होतो. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, खाटेवर बसले, आणि फाईलमधून कागद काढून एकेक मांडले. वकीलपत्रावर सही. ओळखपत्राची झेरॉक्स. छोट्या पाकिटात आठ फोटो.

“बसा दोघी,” ते म्हणाले. “सगळं सांगतो. काही लपवत नाई.”

दार एका बाईनं उघडलं होतं. तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी. मामाजींनी प्रशांतचं नाव घेतलं, तेवढ्यात तो आतून आला, आणि बापाला बघून भिंतीला टेकून उभा राहिला.

“मी काही बोललो नाई. तोच रडाले लागला. म्हणे, बाबा, मी सांगणार होतो. मी म्हटलं, तीन वर्षांत फोन नव्हता का? तं म्हणे, तुमची भीती वाटे.”

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

“लहानपणी शाळेतून यायले पाच मिनिटं उशीर झाला तरी मी त्याले दारात उभा करून इचारत होतो. कुठी होता, काऊन होता. घरात पण मी हजेरीच घेतली.” ते फोटोंच्या पाकिटावर हात ठेवून बसले होते. “मले वाटे, मी त्याले खरं बोलाले शिकवून राह्यलो. तो लपाले शिकला.”

मग ते थोडे सावरले. “त्याच्याकडे चांगला फोटो नव्हता. मी म्हटलं, चाल. खालीच स्टुडिओ होता. तो स्टुलावर बसला. केस सगळे इस्कटले होते. मीच कंगव्यानं भांग पाडून दिला. दहावीच्या फॉर्माच्या वेळी पण मीच पाडला होता.” त्यांनी पाकीट उघडून एक फोटो काढला, माझ्यासमोर ठेवला नाही, आत्याबाईंच्या हातात दिला. “कोर्टाले चारच लागते.”

आत्याबाई फोटो बघत राहिल्या. मग विचारलं, “पोरगी कोणासारखी दिसते?”

“नाक तुह्यं आहे,” मामाजी म्हणाले.

आत्याबाई उठल्या, आत गेल्या. कोठीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा हातात अल्बम होता, कडांना तांदळाचं पीठ लागलेलं. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतःच पानं उलटून एक फोटो निवडला. त्यात मी आणि प्रशांत पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार. “हा दे,” त्या म्हणाल्या. “ह्यात तू चांगली दिसते.”

मला वाटलं होतं, त्या मुलीचं ऐकून मला फार लागेल. थोडं लागलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त असं वाटलं की कोणीतरी बंद खोलीची खिडकी उघडली. तीन वर्षं मी एका ‘का’ला उत्तर शोधत होते. माझं काय चुकलं, माझ्यात काय कमी. उत्तर हैदराबादेत एका लहान मुलीच्या रूपात खेळत होतं, आणि त्यात माझा काही संबंधच नव्हता. त्या सोमवारी जिवतीच्या बसमध्ये मी अशी झोपले की कंडक्टरनं हलवून उठवलं.

अर्ज दाखल करायच्या दिवशी प्रशांत आला. मामाजी त्याला स्टेशनवर आणायला गेले होते. कोर्टाच्या आवारात आम्ही तिघं एका ओळीत उभे होतो. शपथपत्रांवर सह्या झाल्या, शिक्के झाले. मामाजी प्रत्येक पानाचा क्रमांक तपासत होते. खिडकीतल्या बाबूनं अर्ज घेतला, चाळला, आणि फाईल धरून उभ्या असलेल्या मामाजींना विचारलं, “तुम्ही कोण? मुलीचे वडील का?”

“नाई जी. मुलाचा बाप.”

बाबूनं वर पाहिलं. “मग मुलीकडून कोण आलं आहे?”

“मीच,” मामाजी म्हणाले.

बाबूनं एकदा त्यांच्याकडे, एकदा आम्हा दोघांकडे पाहिलं. रोज तिथे भांडणारी माणसं बघून त्याचा चेहरा दगडासारखा झालेला होता, पण तो हसला. “पाने सगळी बरोबर लावली आहे. नाहीतर लोक आणून पसारा टाकते,” म्हणाला आणि अर्जावर नंबर घातला. मामाजींचा चेहरा असा खुलला की जणू त्यांनाच पदक मिळालं.

बाहेर टपरीवर आम्ही आलुबोंडे आणि चहा घेतला. प्रशांत माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “वनिता, माझं चुकलं. मी तुला सांगायला पाहिजे होतं.” मी म्हटलं, “हो, पाहिजे होतं.” त्याहून जास्त बोलायची गरज वाटली नाही. मामाजी थोडं दूर जाऊन, आमच्याकडे पाठ करून, आलुबोंड्याचा कागद वाचत उभे होते. वाचण्यासारखं त्यावर काही नसणार.

संमतीच्या अर्जावर कोर्ट निकालाआधी सहा महिने थांबायला लावतं; त्या मधल्या सहा महिन्यांत मी बल्लारपूरला जाणं थांबवलं. जायला हवं का, नको का, कळत नव्हतं. शेवटची तारीख झाली, निकाल झाला, न्यायाधीशांनी दोन वाक्यांत संपवलं. बाहेर पायऱ्यांवर मला एकदम सुचलं की आता यांना काय म्हणायचं. इतकी वर्षं ज्या नात्यानं हाक मारली ते तर आताच आत मोडून आलो.

“आता मी तुम्हाला काय म्हणू?” मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर ते चकित झाले, इतका सोपा प्रश्न कोणी विचारतं का अशा चेहऱ्यानं. “मामाजीच म्हण ना. मामा म्हंजे मायचा भाऊ. त्याले कोर्ट कुठी लागते?”

त्यानंतर माझ्या आईला राखीच्या दिवशी एक फोन यायला लागला. आई आधी बावरली, मग सवय झाली.

आत्याबाई आता वर्षातून एकदा हैदराबादला जातात. नातीला घेऊन आल्या की मला फोन करतात. मामाजी मात्र आता राहिले नाहीत. दोन उन्हाळ्यांपूर्वी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले होते. आत्याबाईंनी मला बायकांच्या पुढच्या ओळीत, आपल्या बाजूला बसवलं. एक-दोघींनी वळून पाहिलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीचा पावसाळा संपता संपता. इतकी वर्षं ते माझी शाळा बघतो म्हणायचे, एके दिवशी न सांगता येऊन उभे राहिले. वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांनी माझा गणिताचा तास ऐकला. सुट्टीत मुलं त्यांना गोंडीत काहीतरी विचारत होती आणि ते मराठीत उत्तर देत होते, आणि दोन्ही बाजूंना ते पटत होतं. निघताना एका मुलीच्या आजीनं डोंगरातली सीताफळं दिली, पिशवी भरून. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. गाडीत चढून ते खिडकीशी बसले. मी खालून काही ना काही सांगत होते, जपून जा, पोचल्यावर फोन करा. त्यांनी “हो हो” म्हटलं, पिशवीतलं एक पिकलेलं सीताफळ काढलं, दोन हातांनी फोडलं, आणि गाडी सुरू व्हायच्या आत खायलाच लागले. गळ्यापर्यंत गुंडी लावलेला तो माणूस हनुवटीवर रस ओघळू देत, डोळे अर्धे मिटून, लहान मुलासारखा एकेक बी खिडकीबाहेर थुंकत होता. बस घाटाकडे वळली तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फळात पार गुंग झाले होते.